मोडण्याचा खर्च



इतिहासावर काही बोला, असे व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस सुचविले, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा एखाद्या संपाची किंवा कामगार कायद्याची हकिकत असावी. ती सांगणारे पुष्कळ आहेत आणि ऐकणाऱ्यांनाही ती पाठ झाली आहे. आम्ही आज एका प्रश्नाचा इतिहास सांगणार आहोत. प्रश्न शरीरशास्त्रातला आहे. आमचे शिक्षण शाळेतच संपले. पुढचे जे काही आले ते वाचनालयाच्या कपाटांतून आणि शब्दकोशाच्या आधाराने. तेव्हा जाणकारांनी आमच्या बोलण्यातले ओबडधोबडपण सांभाळून घ्यावे.

आपण डाळ खातो. डाळीतल्या प्रथिनांचे पोटात तुकडे होतात. हे तुकडे करणारी पाचक द्रव्ये, ज्यांना शास्त्रात विकरे म्हणतात, ती हे काम फुकट करतात. म्हणजे असे की, दगड उतारावरून खाली यावा तसे ते काम आपल्या ओढीनेच घडते. त्याला वेगळे इंधन लागत नाही. प्रथिन रचताना मात्र एकेक अमायनो आम्ल दुसऱ्याला जोडावे लागते आणि प्रत्येक जोडणीला पेशीला ऊर्जा मोजावी लागते. भिंत चढवायला मजुरी पडते, कोसळायला पडत नाही. इतका हा सरळ हिशेब आहे. परंतु पोटाबाहेर, पेशीच्या आत, हा हिशेब जुळत नव्हता. तिथे प्रथिन मोडायलाही ऊर्जा खर्ची पडत होती. का, याचे उत्तर मिळायला पंचवीस वर्षे लागली. उत्तर कठीण होते हे खरेच. पण त्याहून मोठे कारण असे की, मोडतोडीच्या खात्याकडे पाहायला फारसे कोणी तयार नव्हते.

मुळात पेशीत मोडतोड होते हेच कोणी मानत नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी शरीर म्हणजे इंजिन आणि अन्न म्हणजे कोळसा, अशी समजूत होती. कोळसा जळतो, राख बाहेर पडते, इंजिन होते तसेच राहते. फार तर कुठे थोडी झीज होते आणि तेवढी डागडुजी पुरते. या समजुतीला धक्का दिला तो रुडॉल्फ शोनहायमर याने. हा 1898 साली बर्लिनमध्ये जन्मलेला ज्यू शास्त्रज्ञ. हिटलर सत्तेवर आला त्या 1933 सालीच त्याने जर्मनी सोडली आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आसरा घेतला. तिथे हॅरल्ड युरी हे मूलद्रव्यांचे जड प्रकार वेगळे काढीत होते. शोनहायमरने जड नायट्रोजन घातलेले अमायनो आम्ल उंदरांना चारले. इंजिनाची उपमा खरी असती तर तो सगळा नायट्रोजन लघवीवाटे बाहेर पडावयास हवा होता. बाहेर पडला तो जेमतेम निम्मा. उरलेला सापडला उंदरांच्या अवयवांतील प्रथिनांत. उंदरांचे वजन तर वाढलेले नव्हते. याचा अर्थ एकच होता: जुने प्रथिन मोडून तितकेच नवे त्या जागी बसले होते. इंजिन चालता चालता स्वतःचेच भाग काढून टाकीत होते आणि नवे घडवीत होते. आज असे मानतात की, प्रौढ माणसाच्या शरीरात रोज सुमारे अडीचशे ते तीनशे ग्रॅम प्रथिन मोडते आणि जवळजवळ तितकेच नव्याने बनते. आपण खातो त्याच्या कितीतरी पट ही उलाढाल आहे.

शोनहायमरने 1941 साली आत्महत्या केली. त्याची व्याख्याने 1942 मध्ये पुस्तकरूपाने बाहेर आली, तीही सहकाऱ्यांच्या हातून. पुढे त्याच्या मताची उपेक्षाच झाली असे म्हटले पाहिजे. 1955 साली पॅरिसमध्ये होग्नेस, कोन आणि मोनो यांनी आतड्यातील एका जिवाणूवर प्रयोग करून सांगितले की, त्याची प्रथिने टिकाऊ आहेत, त्यांची उलाढाल होत नाही. आणि प्राण्यांच्या पेशींतही ती होते याचा पक्का पुरावा नाही. जॅक मोनो हे मोठे नाव. मोठ्या माणसाने दार लावले की लहान माणसे ते ढकलून पाहत नाहीत, हा अनुभव सभासंस्थांत आम्हीही घेतला आहे. शिवाय तो काळ प्रथिने घडतात कशी हे शोधण्याचा होता. जनुकापासून प्रथिनापर्यंतची वाट उलगडत होती, कीर्ती तिथे होती, पारितोषिके तिथे होती. मोडण्याचे खाते अडगळीत पडले.

त्याच 1955 साली बेल्जियमच्या क्रिस्तियाँ द द्यूव यांनी पेशीतील लायसोसोम नावाच्या पिशव्यांचे वर्णन केले. या पिशव्यांत आंबट द्रव आणि तऱ्हेतऱ्हेची पाचक विकरे भरलेली असतात. मोडतोड मानणाऱ्यांनाही मग वाटले की, प्रश्न सुटला; ही पेशीची कचराकुंडी. पण कचराकुंडीत जे पडेल ते कुजते. ती निवड करीत नाही. आणि पेशीत तर निवड दिसत होती. काही प्रथिने पंधरा मिनिटांत निम्मी नाहीशी होतात. तांबड्या रक्तपेशीतले हिमोग्लोबिन पेशीबरोबर चार महिने टिकते. डोळ्याच्या भिंगातली प्रथिने जन्मभर पुरतात. एकाच कुंडीतून हे होणार कसे?

आणि एक खडा जोड्यात कायम टोचत होता. 1953 साली मेल्विन सिम्प्सन याने उंदराच्या यकृताच्या कापांवर प्रयोग करताना पाहिले की, पेशीची ऊर्जा तोडली की प्रथिने मोडणेही मंदावते. खाली येणाऱ्या दगडाला ढकलावे लागत होते! हे छापले गेले, वाचले गेले आणि तसेच पडून राहिले.

ज्याने हा खडा हातात घेतला त्याची हकिकत थोडी विस्ताराने सांगू. आव्राम हर्शको याचा जन्म 1937 सालचा, हंगेरीतील कार्त्साग गावचा, वडील शाळामास्तर. वडिलांना सक्तीच्या मजुरीसाठी सैन्याबरोबर नेले आणि तिथून ते रशियनांच्या कैदेत पडले. 1944 साली आई आणि दोन मुलगे यांना इतर ज्यूंबरोबर सोल्नोक येथे कोंडले. तिथून सुटलेल्या बहुतेक गाड्या आउश्वित्सला गेल्या. या तिघांना ज्या गाडीत चढविले ती ऑस्ट्रियाकडे गेली. तिथे त्यांनी वेठीची कामे केली आणि ती जगली.  युद्धानंतर वडील परत आले आणि 1950 मध्ये हे कुटुंब इस्रायलला गेले. मुलगा वैद्यकी शिकला आणि संशोधनाकडे वळला. 1969 ते 1971 या काळात तो सॅन फ्रान्सिस्को येथे गॉर्डन टॉमकिन्स यांच्याकडे होता. तिथले बाकीचे लोक यकृतातील एक विकर घडते कसे यावर तुटून पडले होते. हर्शकोने मुद्दाम उलटे टोक धरले: ते मोडते कसे? त्याने पेशींचा ऊर्जापुरवठा तोडला आणि मोडणे थांबले. सिम्प्सनचा जुना खडा पुन्हा पायाला लागला. मात्र या वेळी तो झटकून टाकला गेला नाही.

हैफा येथील टेक्नियॉन संस्थेत परतल्यावर हर्शकोने ठरविले की, पेशी फोडून तिचा रस काढायचा, त्या रसात हे मोडणे चालू ठेवायचे आणि मग रसाचे भाग वेगळे करीत जायचे. हेच खरे कारागिराचे धोरण. यंत्र कळायचे असेल तर ते खोलून सुटे करावे लागते. 1977 साली हार्वर्डच्या एटलिंगर आणि गोल्डबर्ग यांनी यासाठी योग्य माल दाखवून दिला: सशाच्या कोवळ्या तांबड्या पेशी. या पेशींत लायसोसोमच्या पिशव्या उरलेल्या नसतात, तरी बिघडलेले प्रथिन त्या मोडतात आणि त्याला ऊर्जा मागतात. म्हणजे कचराकुंडीखेरीज दुसरे काही यंत्र तिथे होते, हे नक्की झाले.

हर्शकोच्या हाताखाली आलेला विद्यार्थी आरोन चिखानोव्हर हा हैफाचाच, 1947 चा जन्म. आई-वडील लहानपणीच गेले. डॉक्टरकी करून तो 1976 मध्ये या प्रयोगशाळेत आला. सशाच्या पेशींच्या रसात सर्वांत जास्त असते ते हिमोग्लोबिन, आणि ते फार अडचण करते. ते बाजूला काढण्यासाठी रस एका गाळणस्तंभातून सोडला. हिमोग्लोबिन खाली वाहून गेले. चिकटून राहिलेला भाग मिठाच्या पाण्याने सोडविला. आता विकर कोणत्या भागात, एवढेच पाहायचे होते. पाहिले तर दोन्हीही भाग मेलेले! कोणी दुसरा असता तर प्रयोग फसला म्हणून मोरीत ओतून मोकळा झाला असता. यांनी दोन्ही भाग पुन्हा एकत्र केले; काम पूर्ववत सुरू झाले. म्हणजे हे एका विकराचे काम नव्हते. दोघांची जोडी लागत होती.

मग लाल भागातील तो जोडीदार शोधायचा. हिमोग्लोबिनच्या त्या राशीतून तो काढावा कसा? त्यांनी केले ते आपल्या स्वयंपाकघरातले काम वाटेल. रस तापविला. हिमोग्लोबिन अंड्याच्या बलकासारखे गोठून गेले, आणि वर जे निवळ राहिले त्यात जोडीदार शाबूत होता. उकळत्या पाण्यालाही न बधणारे हे एक लहानसे प्रथिन होते. 1978 साली हे प्रसिद्ध झाले. नाव नव्हते म्हणून त्याला ‘घटक पहिला’ एवढेच म्हटले.

याच सुमारास हर्शको फिलाडेल्फिया येथील फॉक्स चेस कर्करोग केंद्रात अर्विन रोझ यांच्याकडे जाऊ लागला. रोझ हे ब्रुकलिनमध्ये 1926 साली जन्मलेले, विकरांच्या व्यवहाराचे पट्टीचे जाणकार. सिम्प्सनच्या प्रयोगाचे कोडे त्यांनाही जुन्या काळापासून छळत होते, पण त्यावर त्यांनी कधी एक ओळ छापली नव्हती. तिथे या ‘घटक पहिल्या’ला किरणोत्सारी आयोडीनची खूण लावून तो रसात सोडला. ऊर्जेचे चलन जे एटीपी, ते घालताच तो लहानसा घटक वजनदार प्रथिनांच्या अंगाला चिकटलेला आढळला. चिकटणे साधे असेल अशी कल्पना होती. क्षाराने धुतले, तापविले; सुटेना. तो पक्क्या रासायनिक बंधाने जखडला गेला होता. आणि ज्या प्रथिनाला तो जखडत होता ते मोडले जाणार होते.

‘घटक पहिला’ कोण, हे कळले तेही मोठ्या मौजेने. फॉक्स चेसमध्ये आर्थर हास हे या कामावर होते. त्यांचे मायकेल अर्बन यांच्याशी बोलणे झाले; हे अर्बन दुसऱ्याच प्रयोगशाळेतले. अर्बन यांना आठवले की, दोन प्रथिने अशी फांदीसारखी जोडलेली आधीही एकदा दिसली आहेत: गोल्डनॉफ आणि बुश यांना, पेशीकेंद्रातील हिस्टोन नावाच्या प्रथिनावर. तिथे जोडलेला होता युबिक्विटिन. 1975 साली गिडियन गोल्डस्टाइन यांनी तो वेगळा काढला होता आणि सर्व सजीवांत सापडतो असे समजून लॅटिनमधील ‘सर्वत्र’ या शब्दावरून त्याचे नाव ठेवले होते. मात्र तो करतो काय, हे कोणालाच ठाऊक नव्हते. विल्किन्सन, अर्बन आणि हास यांनी दोन्ही ताडून पाहिले. 1980 साली जाहीर झाले की, ‘घटक पहिला’ म्हणजेच युबिक्विटिन. नाव होते त्याला काम मिळाले आणि काम होते त्याला नाव मिळाले. एका चहाच्या गप्पेने वर्षांची मजुरी वाचते, हे कारखान्यात जितके खरे तितकेच प्रयोगशाळेतही खरे दिसते.

आता यंत्र कसे चालते ते थोडक्यात सांगू. युबिक्विटिन हे 76 अमायनो आम्लांचे प्रथिन. किण्वातला युबिक्विटिन आणि माणसातला युबिक्विटिन यांत त्या 76 पैकी फक्त तीन जागी फरक आहे. इतक्या युगांत निसर्गाने त्याला हात लावलेला नाही. पहिले विकर एटीपी खर्चून त्याला सज्ज करते. दुसरे त्याला वाहून नेते. तिसरे, ज्याला ओळखणारे म्हणू, ते नेमके कोणते प्रथिन मोडायचे ते धरते आणि त्याच्या अंगावर युबिक्विटिन लावविते. एकावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा, अशी साखळी. माणसात पहिल्या प्रकारची विकरे दोन, दुसऱ्या प्रकारची तीस-चाळीस आणि ओळखणारी सहाशेहून अधिक आहेत. पगारपत्रक पाहावे आणि निम्म्याहून जास्त माणसे तपासनीसच निघावीत, तसा हा कारभार आहे. साखळी लागलेले प्रथिन मग प्रोटिअसोम नावाच्या पिंपात जाते. हे चार कड्यांचे पोकळ नळकांडे असून कापणारी पाती आतल्या बाजूला असतात. तोंडावरचे झाकण साखळी ओळखते, ती सोडवून युबिक्विटिन पुन्हा वापरायला परत करते, प्रथिन उलगडते आणि आत लोटते. या उलगडण्यालाही एटीपी पडते.

तर सिम्प्सनच्या कोड्याचे उत्तर हे असे निघाले. कापण्याला आजही खर्च नाही. तो दगड उतारावरचाच आहे. खर्च आहे तो कोणाला कापायचे हे ठरविण्याचा आणि त्याला धोक्याविना आत नेण्याचा. पाती उघडी ठेवली असती तर पेशीने स्वतःलाच खाल्ले असते. आम्ही आयुष्यभर खातेनिहाय चौकश्यांत कामगारांची बाजू मांडत आलो. बिनचौकशी काढून टाकणे मालकाला स्वस्त पडते. नोटीस, जबाब, साक्षीपुरावा यांना वेळ आणि पैसा लागतो, म्हणून तर त्याची कुरकुर असते. पेशी हा खर्च बिनतक्रार करते. उपमा पुढे ताणली तर ती आम्हांलाच बोचेल, कारण इथे चौकशीनंतर निर्दोष सुटणारे थोडे. पण असेही आहेत हे नमूद केले पाहिजे. लावलेली साखळी काढून घेणारी विकरेही पेशीत असतात.

रसात दिसले ते जिवंत पेशीत खरे आहे काय, हा आक्षेप उरला होता. मॉस्कोहून अमेरिकेत गेलेले अलेक्झांडर वार्शाव्स्की, त्यांचे सहकारी डॅनियल फिन्ली आणि चिखानोव्हर यांनी 1984 साली तो फेडला. उंदराच्या एका जातीच्या पेशींत पहिले विकर उष्णता वाढविली की निकामी होते. तसे केल्यावर एरवी लवकर मोडणारी प्रथिने मोडेनाशी झाली.

2004 सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक चिखानोव्हर, हर्शको आणि रोझ यांना मिळाले. रोझ तेव्हा 78 वर्षांचे होते. 2015 साली ते वारले. पारितोषिक तिघांहून अधिकांना देता येत नाही असा नियम आहे. वार्शाव्स्की आणि गोल्डबर्ग राहिले, याची चर्चा पुष्कळ झाली. आम्ही मात्र 1980 सालच्या त्या दोन मूळ निबंधांवरची नावे मोजली. दोन्हींवर मिळून सहा माणसे आहेत. पारितोषिकाचे तिघे वगळता उरतात हाना हेलर, सारा इलायस आणि आर्थर हास. हेलर यांचे नाव तर दोन्ही निबंधांवर आहे. हजेरीपटावर असलेली नावे बक्षिसाच्या यादीत का नसतात, हे विचारण्याची आमची जुनी खोड आहे. त्यात तिघांचा मान कमी करण्याचा हेतू नाही.

या शोधाचा आपल्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. बार्शीची गोष्ट सांगतो. स्त्रियांच्या गर्भाशयमुखाचा कर्करोग एका विषाणूमुळे होतो. पेशी बिघडली तर तिची वाढ रोखणारे पी-53 नावाचे प्रथिन आपल्या पेशींत पहारा करते. 1990 साली अमेरिकेत दिसून आले की, हा विषाणू स्वतः पहारेकऱ्याला मारीत नाही. तो आपल्याच पेशीतील ओळखणाऱ्या विकराला फितवितो आणि त्याच्याकडून पी-53 वर युबिक्विटिनची साखळी लावून घेतो. निर्दोष माणसावर खोटा कागद करावा, तसे. उस्मानाबाद जिल्ह्यातील, म्हणजे आताच्या धाराशिवमधील, खेड्यांत बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाने, टाटा रुग्णालय आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय संस्थेच्या साहाय्याने, 1999 पासून तीस ते एकोणसाठ वयाच्या 1 लाख 31 हजारांहून अधिक स्त्रियांचे चार गट पाडून अभ्यास केला. या विषाणूची तपासणी आयुष्यात एकदाच झालेल्या गटात या रोगाने मेल्या 34; तपासणी न झालेल्या गटात 64. 2009 साली हे आकडे प्रसिद्ध झाले. ज्या गटाला काहीच तपासणी दिली नाही त्याबद्दल पुढे वाद झाला, तक्रारी झाल्या. तो वाद आम्हांला रास्त वाटतो. त्या 64 जणीही कोणाच्या तरी घरातल्या होत्या.

दुसरी गोष्ट औषधाची. प्रोटिअसोमच्या पात्यांत पाचर मारणारे बोर्टेझोमिब हे औषध 2003 साली अमेरिकेत मंजूर झाले. रक्तातील प्लाझ्मा पेशींच्या कर्करोगात ते देतात. या पेशी प्रथिने बेसुमार घडवितात, त्यामुळे मोडण्याचे यंत्र अडकले की त्या आपल्याच कचऱ्याने गुदमरतात. परंतु पिंप सगळ्या पेशींत एकच. म्हणून पुष्कळ रोग्यांच्या हातापायांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो. मज्जातंतूही त्या पाचरीतून सुटत नाहीत. जी निवड करण्यासाठी पेशी इतका खर्च करते ती निवड या औषधाला करता येत नाही. 2001 साली अमेरिकेत क्रेग क्रूज आणि रेमंड देशे यांनी वेगळी वाट दाखविली: दोन टोकांचा एक रेणू बनवायचा, एका टोकाने ओळखणाऱ्या विकराला धरायचे, दुसऱ्या टोकाने रोग करणाऱ्या नेमक्या प्रथिनाला, आणि दोघांना समोरासमोर आणून सोडायचे. पिंपाला हात लावायचा नाही. 2019 पासून अशा औषधांच्या चाचण्या माणसांवर सुरू झाल्या आहेत.